मृगाच्या डोक्यातला निळा तारा

जूनचा पहिला आठवडा उलटला की पांढुर्णा आणि सौसरच्या धुऱ्याधुऱ्यांवर एकच बोलणे असते: मृग लागला, आता पाणी केव्हा? कपाशीची लावण, संत्र्याचा बहार, बैलांचा चारा, सगळे त्या एका नावावर अडलेले असते. अशा वेळी घरातले एखादे पोर हमखास विचारते, की मृग लागला म्हणता, तर तो आकाशात आहे तरी कुठे? रात्री अंगणात उभे राहून कितीही शोधले तरी तो सापडत नाही.

पोराचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधत गेले की वाट एका विलक्षण ताऱ्यापाशी पोहोचते. मृगाच्या डोक्यातला हा तारा नुसत्या डोळ्यांना फिकाच दिसतो. प्रत्यक्षात त्याचा पृष्ठभाग सूर्याच्या सहापट तापलेला आहे आणि तो लाखाहून अधिक सूर्यांइतकी ऊर्जा फेकतो आहे. इतका प्रखर तारा आपल्याला फिका का दिसतो, हे या प्रकरणात पायरीपायरीने पाहायचे आहे.

१. मृग लागतो म्हणजे काय होते?

पृथ्वी वर्षभरात सूर्याभोवती एक फेरी मारते. त्यामुळे दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्य रोज साधारण एक अंश पूर्वेकडे सरकल्यासारखा भासतो. सूर्याच्या या वाटेचे आपल्याकडे २७ सारखे भाग करण्यात आले. तीच २७ नक्षत्रे. एका भागात सूर्य साधारण साडेतेरा दिवस राहतो. २५ मेच्या सुमारास तो रोहिणीत जातो, ७ किंवा ८ जूनला मृगात आणि २१-२२ जूनला आर्द्रेत.

म्हणजे मृग लागला याचा अर्थ सूर्य मृगाच्या भागात आला. साहजिकच त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्याबरोबर उगवतात, सूर्याबरोबर मावळतात आणि उजेडात बुडून जातात. पोळ्याच्या आणि पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या सुमारास ते मध्यरात्रीनंतर पूर्वेला वर येऊ लागतात. डिसेंबरच्या मध्याला मध्यरात्री ते जवळजवळ डोक्यावर असतात आणि फेब्रुवारीत संध्याकाळीच उंच चढलेले दिसतात.

२०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, म्हणजे पांढुर्णा आणि सौसर या पट्ट्यात, संत्र्याचे दोन बहार सर्वांना ठाऊक आहेत. आंबिया बहाराची फुले हिवाळ्याच्या अखेरीस येतात. मृग बहारासाठी उन्हाळ्यात झाडांचे पाणी तोडून त्यांना ताण देतात आणि पहिल्या पावसावर ती फुलतात. ही फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतात. ज्या नक्षत्राच्या नावाने झाड फुलले, त्याचे तारे फळ उतरवायच्या दिवसांत रोज संध्याकाळी बगीच्याच्या वर असतात.

मृगाची ही तारीखही कायमची नाही. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी पूर्ण करतो. या गतीला परांचन म्हणतात. तिच्यामुळे मृग लागण्याचा दिवस साधारण ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकतो. हजार वर्षांत हा फरक चौदा दिवसांचा होतो. दिवस-रात्र समान असताना, म्हणजे २१ मार्चच्या सुमारास, सूर्य जिथे असतो त्याला वसंतसंपात म्हणतात. मृगाच्या डोक्यातला तारा आज त्या बिंदूपासून सुमारे ८४ अंश पुढे आहे. ८४ ला ७२ ने गुणले की ६,०४८ येतात. म्हणजे सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी वसंतसंपात याच ताऱ्यापाशी होता. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ओरायन’ (म्हणजे मृग) या ग्रंथात वेदांचा काळ ठरवण्यासाठी मृगातल्या संपाताचाच आधार घेतला होता. त्यांच्या कालनिर्णयावर विद्वानांत वाद झाले, पण त्यामागचे परांचनाचे गणित पक्के आहे.

२. हरणाचे डोके

मृगाची आकृती मोठी आणि ठसठशीत आहे. चार कोपऱ्यांवरचे चार तारे हे हरणाचे पाय. मधले एका ओळीतले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण. ती ओळ आग्नेयेकडे वाढवली की रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, म्हणजे खुद्द व्याध, सापडतो. चार पायांपैकी ईशान्येचा तांबूस तारा आर्द्रेचा आणि नैऋत्येचा पांढराशुभ्र राजन्य, ज्याला जगभर रायजेल म्हणतात.

आर्द्रा आणि तिच्या पश्चिमेचा पाय यांच्या मध्ये, किंचित उत्तरेला, तीन फिक्या ताऱ्यांचा चिमुकला त्रिकोण आहे. हेच मृगाचे शीर्ष. नक्षत्राला नाव मिळाले ते या तिघांमुळे. त्यांतला सर्वांत उत्तरेचा आणि त्यातल्या त्यात उजळ तारा मृगशीर्षाचा योगतारा, म्हणजे नक्षत्राची जागा सांगणारा मुख्य तारा मानला जातो. खगोलशास्त्रात त्याला लॅम्डा ओरायन म्हणतात आणि अरबी परंपरेतून आलेले त्याचे नाव मेइसा.

ताऱ्यांचे दिसणारे तेज ‘प्रत’ या मापाने सांगतात. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात अडीचपट फरक. काळोख्या रात्री डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. राजन्य जवळजवळ शून्य प्रतीचा आहे आणि मेइसा साडेतीन प्रतीच्या आसपास. गावाबाहेर तो सहज सापडतो, पण चौकातल्या दिव्यांखाली किंवा पौर्णिमेच्या आसपास शोधावा लागतो.

दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीने या जागेची नोंद धूसर ठिपका अशी केली होती. १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बीण तिकडे वळवली, तेव्हा त्या धूसरपणातून तारे सुटे झाले. आपल्या ‘सिडेरियस नन्सियस’ या पुस्तिकेत त्याने तिथले २१ तारे काढून दाखवले.

३. रंगावरून तापमान

लोहाराच्या भट्टीत विळा तापताना पाहिलेल्या माणसाला ताऱ्यांचे रंग निम्मे समजलेले असतात. लोखंड आधी काळसर लाल होते, मग नारिंगी, पिवळे आणि शेवटी पांढरे. ताप वाढतो तसा रंग बदलतो. भट्टीतले लोखंड निळे झालेले मात्र कुणी पाहत नाही, कारण १,५३८ अंश सेल्सियसला ते वितळून जाते. निळसर झाक येण्यासाठी दहा हजार अंशांच्या पुढे जावे लागते आणि ते फक्त ताऱ्यांना जमते.

प्रकाश लाटांच्या रूपाने येतो. दोन लाटांमधले अंतर ही त्याची तरंगलांबी. ती नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात मोजतात. डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश दिसतो. त्यात ४०० कडे जांभळा-निळा आणि ७०० कडे लाल. तापलेली वस्तू कोणत्या तरंगलांबीवर सर्वांत जोरात चमकते, याचा सोपा नियम जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म वीन यांनी १८९३ मध्ये दिला: २९ लाखाला तापमानाने भागा, उत्तर नॅनोमीटरमध्ये येते. इथे तापमान केल्विनमध्ये घ्यायचे. सेल्सियसमध्ये २७३ मिळवले की केल्विन मिळतात आणि हजारोंच्या आकड्यांत तो फरक नगण्य असतो.

सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन आहे. २९ लाख भागिले ५,८०० बरोबर ५००. हे आपल्या दृष्टीच्या पट्ट्याच्या मधोमध येते. आर्द्रेचा तारा सुमारे ३,५०० केल्विनचा, म्हणून उत्तर सुमारे ८३०. हे लालच्याही पलीकडे, अवरक्त भागात आहे. मेइसा सुमारे ३५,००० केल्विनचा आणि त्याचे उत्तर येते ८३. हे जांभळ्याच्या कितीतरी अलीकडे, अतिनील भागात खोलवर आहे.

आकाशात हे दोघे अगदी शेजारी आहेत. पंचांगातही मृगामागून आर्द्रा लागते. तापमानात मात्र दोघांत दहापट फरक आहे.

४. इतक्या दुरून ताप कसा मोजला?

रंगाचा अंदाज ढोबळ असतो. खरी साक्ष वर्णपटाची. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पसरवला की सप्तरंगी पट्टा मिळतो आणि त्यात काळ्या बारीक रेघा दिसतात. ताऱ्याच्या बाह्य थरातले अणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश गिळतात. त्याच्या त्या खुणा. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा वेगळ्या असतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्ड वेधशाळेत ॲनी जंप कॅनन यांनी लाखो वर्णपट तपासून ताऱ्यांचे वर्ग लावले: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. पण एका वर्गात एक रेघ ठळक आणि दुसऱ्या वर्गात तीच गायब का, याचे कारण सांगणारे गणित १९२० मध्ये मेघनाद साहा या भारतीय शास्त्रज्ञाने मांडले. ताप वाढला की अणू एकमेकांवर इतक्या जोरात आदळतात की त्यांचे इलेक्ट्रॉन सुटून जातात. इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूच्या रेघा बदलतात. कोणत्या तापमानाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील, हे साहांचे समीकरण सांगते. म्हणजे रेघा पाहून तापमान काढता येते.

हेलियमचा अणू आपले इलेक्ट्रॉन सर्वांत घट्ट धरून ठेवतो. मेइसाच्या वर्णपटात एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या रेघा आहेत. तीस हजार केल्विनच्या पलीकडचा ताप असल्याशिवाय त्या अशा दिसत नाहीत. म्हणून मेइसा ‘ओ’ वर्गात, म्हणजे सर्वांत तप्त ताऱ्यांच्या वर्गात मोडतो. असे तारे फारच थोडे असतात. डोळ्यांना दिसणाऱ्या हजारो ताऱ्यांत ते मोजकेच आहेत.

५. लाखाहून अधिक सूर्य, तरीही फिका

ताऱ्याची एकूण ऊर्जा दोन गोष्टींवर ठरते: पृष्ठभाग किती मोठा आणि किती तापलेला. त्रिज्या दहापट झाली तर पृष्ठभाग शंभरपट होतो. तापाचा परिणाम त्याहून जबर आहे. तापमान दुप्पट झाले की प्रत्येक चौरस मीटरमधून निघणारी ऊर्जा सोळापट होते. तापमान सहापट असेल तर सहाला चार वेळा गुणायचे, म्हणजे १,२९६ पट.

मेइसाची त्रिज्या सूर्याच्या साधारण दहापट आणि तापमान सहापट धरले, तर १०० गुणिले १,२९६, म्हणजे १,२९,६०० सूर्य. वर्णपटावरून काढलेले अंदाजही याच्याच आसपास येतात.

आता राजन्य पाहू. तो सुमारे १२,००० केल्विनचा, म्हणजे मेइसाच्या मानाने थंड आहे. पण त्याचा आकार प्रचंड असल्यामुळे एकूण ऊर्जा साधारण सव्वा लाख सूर्यांच्या घरात जाते. दोघांची मिळकत जवळजवळ सारखी. तरी राजन्य आपल्याला मेइसाच्या वीसपटींहून अधिक तेजस्वी दिसतो. हा फरक कुठून आला?

पहिले कारण अंतर. राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षे दूर आहे, मेइसा सुमारे १,३००. प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात कापतो ते अंतर, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. अंतर दुप्पट झाले की मिळणारा प्रकाश चौथाई होतो. इथे अंतर दीडपट आहे, म्हणून प्रकाश सव्वादोन-अडीचपटीने घटतो. वीसपटीचा हिशेब एवढ्याने लागत नाही.

दुसरे आणि मोठे कारण आपले डोळे. राजन्यच्या ऊर्जेतला सुमारे चौथा भाग ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात पडतो. मेइसाच्या ऊर्जेतले शंभरातले फक्त तीन भाग त्या पट्ट्यात येतात. उरलेली बहुतेक ऊर्जा अतिनील आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. इथे आठ-नऊपट फरक पडला. सव्वादोन-अडीच आणि आठ-नऊ यांचा गुणाकार केला की वीसच्या आसपास पोहोचता येते. हिशेब जुळला.

एकच कल्पना अजून करून पाहू. रोहिणीचा तांबूस तारा ६५ प्रकाशवर्षांवर आहे. मेइसा त्याच्या वीसपट दूर. तो रोहिणीइतका जवळ असता तर चारशेपट तेजस्वी, म्हणजे व्याधाच्या चौपट झगझगीत दिसला असता.

अतिनील किरण जमिनीवर पोहोचू नयेत याची काळजी आपले वातावरण, विशेषतः ओझोनचा थर घेतो. सजीवांसाठी ते भाग्याचे असले तरी अशा ताऱ्यांच्या अभ्यासासाठी दुर्बीण वातावरणाबाहेर न्यावी लागते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर अतिनील दुर्बीण आहे. तिच्या उभारणीत बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेबरोबर पुण्याच्या आयुका संस्थेचाही वाटा आहे.

६. न दिसणारा प्रकाश जिथे दिसतो

मेइसाच्या भोवती हायड्रोजन वायूचा विशाल पसारा आहे. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन तोडायला ९१ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो. मेइसाचा जोर ८३ वर आहे. म्हणजे या ताऱ्याचा प्रकाश नेमका त्या कामाचा आहे. तो आसपासच्या अणूंचे इलेक्ट्रॉन सोडवतो. सुटलेले इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंना येऊन मिळतात, तेव्हा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बाहेर पडतो.

त्यामुळे ताऱ्याभोवती सुमारे १५० प्रकाशवर्षे रुंदीचा लाल तेजोमेघ तयार झाला आहे. स्टुअर्ट शार्पलेस यांच्या यादीत त्याचा क्रमांक २६४. आकाशात तो डझनभर पौर्णिमेचे चंद्र ओळीने मांडावेत इतका रुंद आहे, पण इतका विरळ की डोळ्यांना दिसत नाही. लाल गाळणी लावलेल्या कॅमेऱ्याने दीर्घकाळ छायाचित्र घेतले की हरणाचे सगळे डोके एका लाल वर्तुळात बसलेले दिसते.

७. काळ्या मातीखालच्या खडकाहूनही तरुण

मेइसाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे तीसपट आहे, पण ऊर्जेचा खर्च लाखाहून अधिक पट. तीसपट इंधन आणि लाखपट खर्च. सूर्याचे एकूण आयुष्य सुमारे एक हजार कोटी वर्षांचे, तर असा तारा काही दशलक्ष वर्षांतच संपतो. मेइसा ज्या तारकागुच्छात आहे त्याचे वय सुमारे पन्नास लाख वर्षे. या गुच्छाला स्वीडनच्या पेर कोलिंडर यांच्या १९३१ च्या यादीत ६९ वा क्रमांक आहे.

पांढुर्ण्याच्या बगीच्यातली काळी माती ज्या बेसाल्ट खडकापासून झाली, तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला. सौसरचे नाव ज्यांना मिळाले ते मँगनीज असलेले ‘सौसर समूहा’चे खडक तर नव्वद कोटींहून अधिक वर्षांचे आहेत. पायाखालचे हे खडक त्या ताऱ्याच्या कितीतरी आधीचे आहेत. आणि आज दिसणारा त्याचा प्रकाश तिथून निघाला तेव्हा दख्खनमध्ये राष्ट्रकूटांचे राज्य उभे राहत होते.

अशा ताऱ्याचा शेवट महास्फोटात, म्हणजे सुपरनोव्हात होतो. याच गुच्छातला एक भारी तारा सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी असाच फुटला असावा आणि त्याच्या धक्क्याने वायू बाहेर लोटला गेला असावा, असा खगोलशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. १०५४ मध्ये वृषभ राशीत झालेला स्फोट चिनी निरीक्षकांना २३ दिवस भर दुपारी दिसत होता, आणि तो सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर होता. मेइसा त्याच्या पाचव्या हिश्श्याइतक्या अंतरावर आहे. तसाच स्फोट तिथे झाला तर तो पंचवीसपट तेजस्वी दिसेल. त्याला मात्र अजून काही लाख वर्षे सहज लागू शकतात.

८. पाहायचे तर

जानेवारीच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास, किंवा फेब्रुवारीच्या मध्याला आठच्या सुमारास, अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडावेत. पांढुर्णा आणि सौसर साडेएकवीस अंश अक्षांशाच्या किंचित उत्तरेला आहेत. तिथून मेइसा दक्षिणेच्या बाजूने ७८ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे जवळजवळ माथ्यावर येतो. खाटेवर आडवे होऊन पाहणे सोयीचे. गावाचे दिवे पाठीशी टाकून दहा-पंधरा मिनिटे अंधारात थांबले की डोळे सरावतात.

आधी तिरप्या ओळीतले तीन तारे, मग तांबूस आर्द्रा, मग तिच्या वरच्या अंगाला फिका त्रिकोण, या क्रमाने जावे. मंद उजेडात डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, त्यामुळे मेइसा नुसत्या डोळ्यांना पांढुरका वाटेल. शेतात रानडुकरांवर लक्ष ठेवायला वापरतात तशी साधी दुर्बीण पुरते. ती आधी रोहिणीवर, मग मेइसावर, मग आर्द्रेवर धरावी. लागोपाठच्या या तीन नक्षत्रांचे तारे त्याच क्रमाने समोर येतात: पहिला नारिंगी, तिसरा तांबडा आणि मधला निळसर पांढरा. त्याच दुर्बिणीत मेइसाच्या खाली, त्रिकोणाच्या आत, बारीक ताऱ्यांची एक छोटी रांगही दिसते. गॅलिलिओने सुटे केलेले तारे ते हेच.